भगिनी शहराची शिडी

९ जानेवारी

ही डायरी ऑफिसात वाटली, सगळ्यांना मिळाली. बायको म्हणाली, "अहो, घरी येऊन माझ्यावर तोंडसुख घेता, त्यापेक्षा यात घ्या. ही उलटून बोलणार नाही." बघू या जमतं का.

आज आयुक्तबाईंनी बोलावलं. मला वाटलं, गोदामाच्या आगीत बंब उशिरा पोचला म्हणून झाडणार. तर त्या चक्क हसत होत्या. शेजारी आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्षाचे प्रमुख. आमच्या अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे 'जाळेवाले' म्हणतात, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य 'आपलं शहरांचं जाळं' इथून सुरू होतं. जगभरातली बरीच शहरं या जाळ्यात आहेत, आपलंही आहे. परिषदा, घोषणा, झेंड्यांसमोरचे फोटो. आजवर या जाळ्यात मला तरी एकही मासा दिसला नव्हता.

आज दिसला. समुद्रापलीकडचं एक शहर, जाळ्याच्या कृपेनं आपलं 'भगिनी शहर', त्यांची वापरलेली शिडीची गाडी आपल्याला भेट देणार आहे. पूर्ण उघडली की नवव्या मजल्यापर्यंत जाते. मी केंद्र अधिकारी, म्हणून गाडी माझ्या ताब्यात येणार.

 आमची शिडी चौथ्या मजल्यावर संपते आणि शहरात आता जिकडे बघावं तिकडे दहा-दहा मजले. गेल्या उन्हाळ्यात कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा एक बाई सहाव्या मजल्याच्या खिडकीत उभी होती. शिडी तिच्या पायाखाली दोन मजले राहिली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे आता माझा भाऊ आणखी उंच चढणार."

हिचा धाकटा भाऊ माझ्याच केंद्रावर फायरमन आहे. भिंतीवर सरसर चढतो म्हणून सगळे त्याला 'खार' म्हणतात. मी म्हटलं, अगं, चांगली बातमी आहे ही. ती म्हणाली, "मी कुठे वाईट म्हटलं?"

२१ जानेवारी

जाळ्याची ऑनलाइन बैठक. मलाही बसवलं. एकेका शहराचे महापौर येत होते, आपल्या शहराला किती अभिमान वाटतो ते सांगत होते आणि जात होते. नुसतं गुऱ्हाळ. मध्येच कुणाचा तरी कुत्रा भुंकला, तेवढाच काय तो मुद्द्याला धरून बोलला.

भगिनी शहराच्या चौकटीत त्यांच्या महापौरांच्या मागे एक बाई होती. केस आखूड, बाहीवर ग्रीसचा डाग. तिथल्या अग्निशमन वर्कशॉपची मुख्य अभियंता म्हणे. तिनं हात वर केला आणि तावातावानं काहीतरी बोलू लागली. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, तांत्रिक बाबी सचिवालयाकडे द्याव्यात. सचिवालय म्हणजे जाळ्याचं मुख्य ऑफिस. ते तिसऱ्याच देशात आहे.

मी जाळेवाल्यांना म्हटलं, "त्या बाईंचा नंबर द्या की. गाडीचं थेट बोलून घेतो."

"छे छे. थेट संपर्क नको. सगळं सचिवालयामार्फत. शिष्टाचार असतो साहेब."

गाडी आमची, आग आमची आणि शिष्टाचार यांचा.

२७ फेब्रुवारी

गाडी बंदरात येऊन पडली आहे. सोडत नाहीत. भेट आहे की माल, यावर घोडं अडलंय. भेट असेल तर देणारा कोण, शहर की जाळं? बंदराचा अधिकारी मला म्हणाला, "जाळं म्हणजे नक्की कोण? त्याला फोन लावून द्या." मी म्हटलं, मीही तेच शोधतोय.

१२ मार्च

आली!

लाल, तुकतुकीत, आमच्या दोन बंबांएवढी लांब. चार भाग एकात एक सरकवलेली शिडी, टोकाला पिंजरा. सगळं केंद्र बाहेर येऊन उभं राहिलं. खार चाकावरून हात फिरवत होता, लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखा. सगळी बटणं परक्या लिपीत. एकावर माणूस पडतानाचं चित्र आहे, त्याचा अर्थ मात्र सगळ्यांना कळला.

दुपारी पाणी जोडून बघायला घेतलं, तर गाडीचं तोंड एका मापाचं आणि आमचे होज पाइप दुसऱ्या मापाचे. दोन्ही जोडणारं कपलिंग बसेना. म्हणजे शिडी नवव्या मजल्यावर जाईल, पण पाणी तळमजल्यावरच राहील.

जाळेवाल्यांना फोन केला. त्यांनी सचिवालयाला कळवलं. सचिवालयाचं उत्तर तासाभरात आलं, कधी नव्हे ते. प्रश्न महत्त्वाचा आहे, कपलिंगच्या विषयावर एक कार्यगट स्थापन करण्याचा विचार होईल. पुढच्या परिषदेत.

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी पितळेची कडी पाहिजे मला, कार्यगट काय पाइपाला लावू?

घरी येऊन बोलत सुटलो. ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "डायरी कुठंय?"

१५ मार्च

आज मी आगाऊपणा केला.

जाळ्याचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या शहराचा सूर्योदय येतो. जाळेवाल्यांनी आपल्या नव्या गाडीचा फोटो टाकला होता, खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग. मी त्या टाळ्यांखाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'होजचं कपलिंग बसत नाही. ही गाडी आणखी कुणाकडे आहे का? तुम्ही काय केलं?'

दहा मिनिटांत जाळेवाल्यांचा फोन. "साहेब, हा शुभेच्छांचा ग्रुप आहे! लगेच काढून टाका."

काढून टाकायला गेलो, तेवढ्यात उत्तर आलं. दुसऱ्याच एका देशातलं डोंगरावरचं शहर. तिथला अग्निशमन प्रमुख. 'आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी याच शहराकडून अशीच गाडी आली. कपलिंग आम्ही इथे बनवून घेतलं. दोन पाठवतो. माझा मावसभाऊ बोटीवर स्वयंपाकी आहे, तुमच्या बंदरात येतोय.'

मी वाचून खो खो हसलो. इतक्या शहरांचं जाळं, घोषणापत्रं, झेंडे आणि काम करणार कोण, तर स्वयंपाकी मावसभाऊ.

२८ मार्च

गेल्या आठवड्यात गाडी चालवायचं शिक्षण झालं. भगिनी शहरातून ती वर्कशॉपवाली बाई स्क्रीनवर, इकडे आम्ही अंगणात गाडीभोवती, मध्ये सहकार्य कक्षाच्या दुभाषी बाई. निवृत्त शिक्षिका आहेत, आवाज इतका गोड की आग लागल्याचंही त्या सांगतील तर ऐकत राहावंसं वाटेल.

वर्कशॉपवालीचा स्वभाव काही मला झेपत नाही. शिडीचा विषय निघाला तशी ती भडाभडा बोलू लागली. टेबलावर मूठ आपटली. हातांनी काहीतरी दाखवलं, एक हात दुसऱ्यावर ठेवून मनगट मोडल्यासारखं केलं. चांगली दोनेक मिनिटं.

दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, शिडीची नीट काळजी घ्या."

"एवढंच?"

त्यांनी जाळेवाल्यांकडे बघितलं. "आणि ही गाडी त्यांना फार प्रिय आहे."

असेल बाई. दिलेल्या वस्तूत जीव अडकलाय तिचा. पुन्हा पुन्हा तेच, पूर्ण उघडलीत का, पूर्ण उघडलीत का. अशा माणसांनी वस्तू देऊ नये.

नंतर शिडी पूर्ण उघडली. खार पिंजऱ्यातून वर गेला. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, वर गेल्यावर ती खाकरते."

ड्यूटीवर तो मला साहेबच म्हणतो. तसा कडक नियम आहे माझा.

"खाकरते म्हणजे?"

"म्हणजे... घसा साफ केल्यासारखा आवाज. शेवटचा भाग बाहेर पडला की."

मी म्हटलं, नवी गाडी, नवा आवाज. तुला कुरकुर करायला काहीतरी लागतंच. तो गेला, पण पुढच्या सरावाला त्याचा पाय मुरगळला होता. दुसऱ्या दिवशी बूट चावत होता. आज पोट. हल्ली फार कामचुकारपणा करायला लागलाय. मेहुणा आहे म्हणून मी बोलत नाही, असं इतरांना वाटायला नको.

६ एप्रिल

समारंभाची तारीख अखेर ठरली. चौदा तारखेला नगर भवनासमोरच्या मैदानात. जाळ्यातल्या चार शहरांचे पाहुणे येणार. महापौर स्वतः पिंजऱ्यात बसून पूर्ण उंचीवर जाणार आणि वरून जाळ्याचा झेंडा सोडणार. सोबत खार. छायाचित्रकारांसाठी वेगळा मंडप.

काल रात्री घरी जेवताना सांगत होतो. ही एकदम म्हणाली, "तुम्ही स्वतः गेलात का हो वर?"

"मी अधिकारी आहे. मी कशाला जाऊ?"

"नाही, सहज विचारलं."

सहज विचारलं! हिच्या सहज विचारण्यानं माझी झोप उडते. आज सकाळी सगळे चहाला गेले असताना चालकाला सांगून गेलो वर. शहर कसलं छान दिसतं तिथून. शेवटचा भाग बाहेर सरकला आणि पायाखाली कट्ट झालं. मग एक हिसका, वीतभर खाली गेल्यासारखा. मग शांत.

वारा होता. आणि माझे गुडघेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. चालकाला म्हटलं, मस्त आहे गाडी. खार लांब उभा राहून बघत होता.

९ एप्रिल

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

कपलिंग काल मिळाली. बोटीवरचा स्वयंपाकी स्वतः केंद्रावर आणून देऊन गेला, चहासुद्धा न घेता. चपखल बसली. शिडीच्या टोकावरून पाण्याची धार सुटली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आभार मानायला म्हणून आज सकाळी डोंगरावरच्या शहराच्या प्रमुखाला फोन लावला. तो इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं बोलतो, त्यामुळे आमचं छान जमतं. इकडचं तिकडचं बोलून ठेवता ठेवता म्हटलं, "तुमची शिडी वर गेल्यावर आवाज करते का हो?"

त्यानं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. 

मग म्हणाला, "आमची शिडी आम्ही वापरत नाही. आली त्याच वर्षी बंद केली. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

"काय सांगायचं?"

"शेवटच्या भागाच्या मुळाशी भेग आहे. आम्ही सचिवालयाला तेव्हाच कळवलं. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

मी विचारलं, मग कपलिंग कशाला पाठवलीत? तो म्हणाला, "पाण्यासाठी. शिडी न उघडताही पंप चालतो ना. मला वाटलं, तुम्ही तेवढंच वापरताय."

भगिनी शहराची भाषा त्याला येते, तिथे शिकायला होता. त्यानं तिथल्या तिथे वर्कशॉपवालीला जोडून घेतलं. शिष्टाचार गेला खड्ड्यात. मी विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला हे आधी का नाही सांगितलं?"

ती जे ओरडली ते मला भाषांतराशिवाय कळलं. मग तो एकेक वाक्य सांगत गेला. पहिल्या बैठकीत सांगायला हात वर केला, वेळ संपली. सचिवालयाला सांगितलं. शिक्षणाच्या दिवशी तर स्वच्छ सांगितलं, हातानं करून दाखवलं, की शेवटचा भाग बाहेर काढायचा नाही, तिथे जोड तुटेल, माणूस वर असेल तर जाईल. त्या जागी बसवायचा मजबूत तुकडा तिनं बनवूनही ठेवलाय. तो गाडीबरोबरच पाठवायचा होता, पण थोडा वेळ लागणार होता, आणि आमच्याकडून निरोप गेला होता की गाडी समारंभाच्या आधी यायलाच हवी.

"ती विचारतेय," तो म्हणाला, "की पूर्ण उघडून कुणी वर गेलं होतं का?"

मी म्हटलं, "माझा मेहुणा. आणि मी."



तसाच उठून दुभाषी बाईंकडे गेलो. दारातच विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "मला सांगितलं होतं, समारंभ होईपर्यंत सूर गोड ठेवा. वाईट शब्द गाळा. मला यंत्रातलं काय कळतं हो? मला वाटलं, ती रागीट बाई आहे."

मलाही तेच वाटलं होतं. त्यांना काय बोलू?

१० एप्रिल

आयुक्तबाईंच्या केबिनमध्ये मी, जाळेवाले आणि गार झालेला चहा.

मी म्हटलं, शिडी उघडणार नाही. जाळेवाले म्हणाले, "साहेब, भेट देणाऱ्याला नावं ठेवायची? दोन शहरांच्या मैत्रीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मैत्री असेल तर खरं बोललेलं चालेल. आयुक्तबाई शहाण्या आहेत, त्यांनी दोघांनाही गप्प केलं. शिडी अर्धीच उघडायची. वर माणूस नको, पिंजऱ्याला नुसता झेंडा बांधायचा. महापौरांना सांगायचं, वारा आहे. तुकडा आला की बसवून घ्यायचा. "पण तिथे तोंड उघडायचं नाही. पाहुणे आहेत. बाकीचं मी सचिवालयाशी बोलते."

मला पटलं. माझा माणूस वर जाणार नाही, मला आणखी काय हवं? कशाला उगीच फाटे फोडा?

खारीला बाजूला घेऊन सांगितलं, तू म्हणत होतास ते खरं निघालं. मला वाटलं, टोमणा मारेल. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वर होतात ना त्या दिवशी, तेव्हा मी खाली मोजत होतो. काय मोजत होतो माहीत नाही. आकडेच आपले." आणि होज गुंडाळायला निघून गेला.

१४ एप्रिल

लिहून टाकतो, म्हणजे उद्या कुणी काही बोललं तर निदान इथे तरी खरं असेल.

मैदान भरलं होतं. शिडी अर्धी उघडून उभी. महापौर नाराज, पण वाऱ्याचं कारण गिळलं. भाषणं झाली. शेवटी पाहुण्यांतले एक गृहस्थ बोलायला उठले, कुठल्याशा नदीकाठच्या शहराचे उपमहापौर. म्हणाले, आम्हालाही या दिलदार शहरानं अशा दोन गाड्या दिल्या, एक आम्ही हॉस्पिटलजवळ ठेवली आहे, गेल्या महिन्यात तिनंच आठव्या मजल्यावरून रुग्ण उतरवले. टाळ्या.

 आठवा मजला म्हणजे शेवटचा भाग.

मी आयुक्तबाईंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. मी गेलो आणि माइक घेतला. भाषण मला येत नाही. एवढंच म्हटलं, "ही शिडी आज पूर्ण उघडली नाही, ती वाऱ्यामुळे नाही. शेवटच्या भागाच्या मुळाशी भेग आहे. तुमच्याकडे ही गाडी असेल तर आजच फोन करा आणि वर कुणाला पाठवू नका. ज्यांनी गाडी दिली त्यांच्या वर्कशॉपनं हे आधीच सांगितलं होतं. आमच्यापर्यंत पोचलं नाही."

दुभाषी बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. जाळेवाले खालून त्यांना हातानं थांबवत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि शब्दन्‌शब्द सांगितला. आवाज गोड नव्हता.

उपमहापौर मंचावरून उतरून कोपऱ्यात गेले आणि कानाला फोन लावला. त्यांच्यामागून आणखी एक पाहुणी उठली.

महापौर माझ्याजवळून जाताना म्हणाले, "छान पाठ थोपटलीत शहराची."

२ मे

बदली झाली. केंद्र गेलं, आता मुख्यालयात पाण्याच्या हायड्रंटची तपासणी. रस्त्यारस्त्यानं फिरून नळ उघडायचे आणि बंद करायचे. भगिनी शहराचे महापौर दुखावले आहेत म्हणे. खापर कुणावर तरी फुटायलाच हवं होतं.

नदीकाठच्या शहराच्या दोन्ही गाड्यांत भेग निघाली. वर्कशॉपवालीनं तुकडे थेट पाठवले, त्यांना आणि आपल्यालाही. खार सांगत होता, बसवताना ती स्क्रीनवर होती आणि सगळ्यांना शिव्या देत होती, पण काम चोख झालं. आता शिडी पूर्ण वर जाते आणि एक शब्द बोलत नाही.

मी सगळी हकिगत लिहून सचिवालयाला पाठवली आणि सगळ्या शहरांना कळवा म्हटलं. उत्तर आलं, आभार, भाषा थोडी सौम्य करून, संबंधितांची संमती घेऊन पुढच्या तिमाही पत्रिकेत घेऊ. बरं झालं. उशिरा का होईना, हलले. माझ्याकडून काम संपलं. आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागेल.

१९ जून

जाळ्यातलं आणखी एक बंदराचं शहर, समारंभाला आलं नव्हतं. तीच गाडी. काल भरदुपारी एका वसतिगृहाच्या आगीत शेवटचा भाग तुटला. वर त्यांचा एक फायरमन होता. गेला.

ग्रुपवर मेणबत्त्यांची चित्रं आली आहेत. जाळेवाल्यांचा फोन आला की शोकसंदेशाचा मसुदा तुम्ही चांगला कराल. मी फोन ठेवला.

पत्रिका निघालीच नव्हती. भाषा सौम्य करणं चालू होतं.

हिला म्हटलं, मी पाठवलं होतं. मी सगळं लिहून पाठवलं होतं. खूपदा म्हटलं असेन. ही माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "पण कुणाला पाठवलंत? तिथल्या फायरवाल्यांना?"

मला नंबर मिळाला असता. डोंगरवाल्याला विचारलं असतं तर एका दिवसात मिळाला असता. मीही सचिवालयामार्फतच गेलो.

२० जून

आज हायड्रंट तपासले नाहीत. डोंगरवाला, वर्कशॉपवाली आणि मी सकाळपासून फोनवर. ज्या ज्या शहराला ती गाडी गेली, तिथल्या केंद्राचा माणूस शोधायचा, महापौर नाही, ऑफिस नाही, गाडीजवळचा माणूस. भाषा येत नसेल तर येणारा शोधायचा. दुभाषी बाई स्वतःहून आल्या, घरून खुर्ची घेऊन. वर्कशॉपवालीला तिच्या वरिष्ठांनी तंबी दिली आहे. ती म्हणाली, मग मला काढा.

संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळे सापडले. तो एक उद्या सापडेल.

३ जुलै

आता दर बुधवारी सकाळी आम्ही फोनवर भेटतो. कुठल्या शहराचं काय बिघडलंय तेवढंच बोलायचं, काय छान चाललंय ते सांगायची बंदी. जाळेवाल्यांना वास लागलाय. वार्षिक अहवालात याला काय नाव द्यायचं, असं विचारत होते. मी म्हटलं, नाव नाही. ते म्हणाले, मग मी अहवालात घेऊ कसं? म्हटलं, नका घेऊ.

आज त्या बंदराच्या शहराचा केंद्र अधिकारी पहिल्यांदा आला. आवाजावरून माझ्याच वयाचा असावा. त्याचं बोलणं दोन जणांमार्फत आमच्यापर्यंत येत होतं. म्हणाला, तुकडा बसवला, गाडी ठीक आहे, पण माझी माणसं वर जायला तयार नाहीत. मी त्यांना काय सांगू?

 सगळ्यांत जुना मी, म्हणजे मीच बोलायला हवं होतं. मनात जुळवाजुळव करत होतो, कर्तव्य, धीर, असलंच काहीतरी. तोंडाशी आलेलं एकेक वाक्य मलाच खोटं वाटत होतं.

खार माझ्याकडे आला होता, सुट्टी आहे त्याची. तो फोनकडे वाकला. "दाजी, त्यांना विचारा, जेवलात का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. असं कुणी विचारतं का अशा वेळी? पण दुभाषी बाईंनी ते तसंच्या तसं पुढे सांगितलं. तिकडे वर्कशॉपवालीची भाषा येणारा एक जण होता, त्यानं ते त्या अधिकाऱ्याला सांगितलं. एवढासा प्रश्न, पोचायला किती वेळ लागला.

 मग उत्तर आलं. परत येता येता ते दुभाषी बाईंपर्यंत पोचलं.

"नाही. म्हणतात, त्या दिवसापासून नीट नाही."

वर्कशॉपवाली काहीतरी खेकसली. डोंगरवाला म्हणाला, "ती म्हणतेय, मग आधी जेव. आम्ही थांबतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी कुणाला हाक मारली. मग ताट ठेवल्याचा आवाज. आम्ही सगळे आपापल्या गावात फोन कानाला लावून गप्प बसून राहिलो. ही आतून आली, काय चाललंय म्हणून खुणेनं विचारलं. मी तोंडावर बोट ठेवलं, तशी तीही शेजारी बसली.

तो बराच वेळ जेवत होता. कुणीही फोन ठेवला नाही.